पहिला मासा पोरांच्या वाट्याला

२०१९ साली मार्च महिन्यात चंदीगड येथे आपल्या हवाई दलात एक नवे हेलिकॉप्टर दाखल झाले. एक पंखा पुढे, एक मागे, आणि पोटाखाली तोफ टांगून ती डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवण्याची ताकद. त्याचे नाव चिनूक. वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे आली, ती गावोगावच्या पोरांनी पाहिली असतील. अमेरिकेत याच नावाचा एक मोठा मासा आहे. याच नावाचा एक वाराही आहे. हिवाळ्यात रॉकी पर्वत उतरून येणाऱ्या या उबदार वाऱ्याला तिकडचे लोक ‘बर्फखाऊ’ म्हणतात.

हे नाव मुळात माणसांचे आहे. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, कोलंबिया नदीच्या काठी, गोरा माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून चिनूक नावाचे लोक राहत आले. नाव हेलिकॉप्टरला मिळाले, माशाला मिळाले, वाऱ्याला मिळाले; आणि ज्यांचे ते नाव, त्यांना मात्र ‘आम्ही अजून आहोत’ हे सरकारदरबारी सिद्ध करीत बसावे लागले आहे. हे लोक कसे राहत, काय खात, काय मानत, आणि त्यांच्यावर ही पाळी का आली, ते आज पाहू.

नदीच्या तोंडाशी

कोलंबिया नदी कॅनडातल्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे दोन हजार किलोमीटर वाहत येऊन पॅसिफिक महासागराला मिळते. आपल्या गोदावरीहून ती पाचशे किलोमीटरने लांब. समुद्राजवळ तिचे पात्र इतके रुंदावते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. उत्तर काठाला आज वॉशिंग्टन राज्य आहे आणि दक्षिण काठाला ऑरेगॉन.

तिथला पाऊस आपल्या उलट. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत, तर तिथे ऐन हिवाळ्यात. वर्षाकाठी पासष्ट-सत्तर इंच. डोंगर दाट झाडीचे, झाडे आभाळाला भिडलेली, आणि जमीन सदा ओलसर. समुद्रापासून वर सुमारे सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना चिनूक बोली बोलणाऱ्यांची गावे होती. क्लॅट्सॉप, कॅथलामेट, वाकायकम, मल्टनोमा, क्लॅकमस, वास्को, विश्रम अशी त्यांची वेगवेगळी नावे. सगळ्यांवर एक राजा असा नव्हता. ज्याच्या घराला मान, ज्याच्या शब्दाला वजन आणि ज्याचा हात देता, तो त्या गावचा मुखिया.

या लोकांकडे नांगर नव्हता, बैल नव्हता, पेरणी नव्हती. तरीही ते भुकेकंगाल नव्हते. उलट त्या सगळ्या मुलखात सधन म्हणून ओळखले जात. त्यांचे शेत म्हणजे नदी, आणि नदीचे पीक म्हणजे सॅमन मासा.

नदीचे पीक

आपल्याकडे रावसाला कोणी ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण हा मासा वेगळा. तो डोंगरातल्या थंड, गोड्या ओढ्यात जन्मतो. लहानपणीच प्रवाहाबरोबर समुद्रात जातो, तिथे काही वर्षे खाऊनपिऊन पोसतो, आणि मग ज्या ओढ्यात जन्मला तोच ओढा शोधत उलट्या धारेने वर चढतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणे सोडतो. अंगावरच्या चरबीच्या बळावर शेकडो किलोमीटर पोहतो, खडकांवरून उड्या घेतो, जन्मस्थानी अंडी घालतो आणि तिथेच मरतो. यातली सर्वांत मोठी जात चिनूक सॅमन. दहा किलोचा मासा सहज मिळे, आणि कधी कधी तीस-पस्तीस किलोचाही.

वसंत ऋतूपासून शरदापर्यंत या माशांच्या लाटांमागून लाटा नदीतून वर जात. मुखाजवळची माणसे लांबलचक जाळे टाकत. जाळ्याचे एक टोक काठावर धरायचे, दुसरे होडीतून पाण्यात फेरी मारून परत काठाला आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ओढायचे. आपल्या कोकणातली रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. जाळे रानातल्या खाजऱ्या झुडपाच्या वाखाचे, खाली वजनाला दगड आणि वर तरंगायला लाकडाचे ठोकळे.

नदीच्या वरच्या अंगाला सेलिलो नावाचे मोठे धबधबे होते. तिथे खडकांवर लाकडी माच बांधून, लांब दांड्याच्या जाळीने उडता मासा वरचेवर टिपत. एकेका माचाची जागा एकेका घराण्याकडे वारशाने चाललेली. बांधावरून भांडण नको म्हणून आपण जशा खुणा जपतो, तशा त्या जागा जपल्या जात.

मासा मुबलक मिळतो तो काही महिनेच. खरी कसोटी तो टिकवण्याची. मुखाजवळची हवा दमट, म्हणून तिथे मासा चिरून घराच्या आढ्याला टांगत आणि चुलीची धुरी देत. वरच्या अंगाला हवा कोरडी आणि वाऱ्याची, म्हणून तिथे उघड्यावर वाळवण घालत. वाळलेला मासा दोन दगडांत कुटून त्याचे पीठ करीत. मग गवताच्या टोपलीला आतून माशाचेच कातडे लावून त्यात ते पीठ दाबून दाबून भरत. एक टोपली दोन फूट उंच, एक फूट रुंद, आणि भरली की चाळीस-पंचेचाळीस किलोची, म्हणजे मणाहून थोडी जास्तच. खाली सात टोपल्या, वर पाच, अशी बारा टोपल्यांची थप्पी रचून वरून चटया बांधत. असा मासा कित्येक वर्षे खराब होत नसे. १८०५ साली तिथून गेलेल्या विल्यम क्लार्क नावाच्या अमेरिकन प्रवाशाने हे सगळे पाहून आपल्या रोजनिशीत नोंदले आहे. आपल्या कणगीला आणि पेवाला जो मान, तोच तिथे या टोपल्यांना होता.

पहिल्या माशाचा मान

इतका मासा असूनही हंगामाचा पहिला मासा वाटेल तसा कापून खायचा नाही, असा त्यांचा सक्त दंडक होता. मासा हा नदीचा पाहुणा आहे, आपण होऊन आपल्याकडे येतो, त्याचा मान राखला नाही तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, अशी त्यांची श्रद्धा. पहिला मासा उभाच चिरायचा, आडवा कापायचा नाही. आडवा कापला तर नदीची वाट अडते. त्याचे काळीज कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायचे नाही. सूर्य मावळायच्या आत तो शिजवून संपवायचा.

१८११ साली नदीच्या मुखाशी गोऱ्या व्यापाऱ्यांनी ॲस्टोरिया नावाचे ठाणे वसवले. त्यांच्याकडे खायची टंचाई होती आणि समोर नदीत मासा भरलेला. तरी हंगामाच्या सुरुवातीला चिनूक लोक त्यांना मासा विकायला कचरत. हे परके लोक मासा आडवा कापतील, ही धास्ती. शेवटी आणला तो मोजकाच, आणि काळीज काढून घेऊन, सूर्यास्तापूर्वी शिजवण्याचे वचन घेऊन.

वर सेलिलोच्या बाजूला १८०६ च्या एप्रिलात मेरिवेदर लुईस या क्लार्कच्या जोडीदाराने एक प्रसंग पाहिला. हिवाळा सरून गेला होता, साठवण संपत आली होती, माणसे मासा येण्याची वाट पाहत होती. एका रात्री हंगामाचा पहिला मासा मिळाला. गावात आनंदीआनंद झाला. त्या एका माशाचे लहान लहान तुकडे केले आणि गावातल्या प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक ठेवला. मोठ्यांच्या वाट्याला त्यातले काही नाही. असे केल्याने बाकीचे मासे लवकर येतात, असे ते मानत. लुईसने ही अंधश्रद्धा म्हणून लिहून ठेवली.

वाचकहो, आपल्याकडे नव्याच्या पौर्णिमेला नवे धान्य आधी देवापुढे ठेवतो आणि मग ताटात घेतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय कोळी बांधव होडी पाण्यात घालत नाहीत. या रिवाजांत श्रद्धा आहे तशी शहाणीवही आहे. चिनूकांच्या बाबतीत अभ्यासक तेच सांगतात. हंगामाच्या पहिल्या दिवसांत हात आखडता घेतल्यामुळे पुष्कळ मासे बिनधोक वर निघून जात, अंडी घालत, आणि वरच्या गावांनाही वाटा मिळे. बियाणे राखून मगच खायचे, हा शेतकऱ्याचा नियम त्या लोकांनी पाण्याला लावला होता.

पाण्यातले कंद आणि बायकांचा शब्द

सगळी भिस्त माशावरच होती असे नाही. त्या मुलखातल्या उथळ तळ्यांत आणि पाणथळींत वापाटो नावाची वनस्पती होते. पाने बाणाच्या टोकासारखी आणि चिखलात अंड्याएवढे कंद. भाजला की बटाट्यासारखा लागतो. हे कंद काढण्याचे काम बायकांचे. शरदातल्या थंड पाण्यात छातीपर्यंत, कधी गळ्यापर्यंत उतरायचे, पायाच्या बोटांनी चिखलातला कंद चाचपून मुळापासून सोडवायचा. सुटला की तो आपोआप वर तरंगतो. तो उचलून बरोबरच्या लहानशा होडीत टाकायचा. असे तासन्‌तास. शिंगाड्याच्या तळ्यात किंवा भाताच्या चिखलात दिवसभर वाकून ज्यांनी काम केले आहे, त्या मायबहिणींना या कष्टांची कल्पना येईल. आजच्या पोर्टलंड शहराजवळच्या एका मोठ्या बेटावर हे कंद इतके होत की लुईस आणि क्लार्क यांनी त्याला वापाटो बेट असेच नाव दिले होते.

कॅमस नावाचा दुसरा एक कंद माळावर मिळे. जमिनीत खड्डा करून त्यात तापलेले दगड घालायचे, वर पाने, त्यावर कंद, पुन्हा पाने आणि माती. एक-दोन दिवसांनी उकरले की कंद काळा, मऊ आणि गोड झालेला. रानातली बोरे कुटून त्यांच्या वड्या करून ठेवत, आणि मासोळीचे तेल काढून तोंडी लावण्याला वापरत.

या कंदांची त्यांच्यात एक गोष्ट सांगत. वसंतात सॅमन नदीतून वर निघाला, तेव्हा काठावरची एकेक वनस्पती त्याला हाक मारू लागली. ‘आलास का रे भाच्या! मी होते म्हणून तुझी माणसे जगली, नाहीतर तू येईपर्यंत उपाशी मेली असती.’ सॅमनने विचारले, हे कोण बोलते आहे? नाव कळल्यावर तो थांबला, प्रत्येकीला पांघरूण आणि भेटवस्तू दिल्या, आणि कुणाला पाणथळीत तर कुणाला काठावर मानाची जागा दिली. मासा मोठा खरा, पण पडत्या महिन्यांत जीव तगवतो तो कंदमुळांनी, हे पोरांच्या मनावर ठसवण्याची ही रीत. दुष्काळात ज्यांच्या घराने रानभाजीवर दिवस काढले, त्यांना या गोष्टीचा अर्थ सांगावा लागणार नाही.

लुईसने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. या मुलखात बायका नवऱ्यांसमोर मोकळेपणाने बोलतात, कधी अधिकाराने हुकूमही सोडतात, आणि देवघेवीत पुरुष त्यांना विचारल्याशिवाय सौदा पुरा करीत नाहीत. त्याचे कारणही त्याने ओळखले होते. घराच्या अन्नाचा मोठा वाटा बायका मिळवत, म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत होती.

फळ्यांचे घर, एका खोडाची होडी

तिथे सीडर नावाचे झाड होते. आपल्या देवदारासारखे सरळसोट, सुवासिक, आणि पावसात लवकर न कुजणारे. या झाडाने त्यांना जवळजवळ सगळे दिले. उभे झाड न पाडताही पाचर मारून त्याच्या लांब फळ्या काढता येत. त्या फळ्यांची घरे बांधत. जमीन थोडी खोल खणून आत उतरायचे, मधोमध चुलींची ओळ, दोन्ही बाजूंना निजायला माच, आणि खाली साठवणीचे खड्डे. एका घरात चार-सहा कुटुंबे, चाळीस-पन्नास माणसे राहत. धूर जाण्यासाठी छपराची फळी काठीने सरकवायची. कॅथलापोटल नावाच्या गावात १८०६ साली लुईस आणि क्लार्क यांना अशी चौदा घरे दिसली आणि तिथे सुमारे नऊशे माणसे असावीत असा त्यांनी अंदाज केला.

सीडरचे खोड पोखरून त्यात पाणी आणि तापलेले दगड घालत. वाफेने लाकूड मऊ झाले की आडवे दांडे देऊन त्याची रुंदी वाढवत. अशा होडीतून पंचवीस-तीस माणसे उधाणाच्या लाटांवरून जात. सालीचा वाख मऊ करून बायका घागरे आणि अंगावरच्या झुली करीत, आणि गवत व साल विणून शंकूच्या आकाराच्या टोप्या. त्या टोप्यांतून पाणी झिरपत नसे. गोऱ्या प्रवाशांनी डोक्याची मापे देऊन त्या करवून घेतल्या.

पावसाळी हिवाळ्यात चुलीभोवती गोष्टी रंगत. पुराणकथा सांगायच्या त्या हिवाळ्यातच, असा नियम. पोरांना पहाटे थंडगार नदीत बुडी मारायला पाठवत. थोडे मोठे झाले की एकट्याने डोंगरात उपाशी राहून आपला राखणदार आत्मा शोधायला जायचे. माणूस मेला की त्याला त्याच्या वस्तूंसह होडीत निजवून ती होडी खांबांवर उंच ठेवत.

सगळेच चांगले होते असे मात्र नाही. या समाजात गुलामगिरी होती. लढाईत धरलेली किंवा दुरून विकत आणलेली माणसे घरी राबत, आणि त्यांच्या जिवाला फारशी किंमत नसे. मोकळ्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या कपाळावर मऊ गादी लावून फळी बांधत, म्हणजे कपाळ चपटे होई. ते कुलीनतेचे लक्षण. गुलामाच्या पोराला तो मान नव्हता. गोल डोके दिसले की तो गुलामाचा समजावा. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा रोग कुठल्या एकाच देशाला जडलेला नव्हता, एवढेच म्हणायचे.

बाजार आणि बोली

हे लोक हाडाचे व्यापारी होते. समुद्राकडून शिंपले आणि मासोळीचे तेल, डोंगरापलीकडून रानरेड्याची कातडी, मधल्या मुलखातून कंद आणि कुटलेला मासा, असा माल नदीतून वरखाली फिरे. सेलिलोला दर हंगामात मोठी जत्राच भरे. उत्तरेच्या समुद्रातून येणारे हस्तिदंतासारखे पांढरे, पोकळ, नळीसारखे शिंपले म्हणजे त्यांचे नाणे. दोऱ्यात ओवून वावेच्या मापाने ते मोजत.

इतक्या जातीजमातींशी बोलायचे तर एक सोपी बोली हवी. तिचे नाव चिनूक वावा. वावा म्हणजे बोलणे. मूळ शब्द चिनूकांचे, त्यात उत्तरेकडच्या बेटावरच्या लोकांचे, पुढे फ्रेंच आणि इंग्रजी शब्द मिसळले. काहीशे शब्दांत सगळा व्यवहार होई. तायी म्हणजे मुखिया, इलाही म्हणजे भूमी, टिलिकम म्हणजे आपली माणसे, पॉटलाच म्हणजे देणे. पुढे कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत ही बोली चालली.

पाहुणे आणि त्यांची होडी

११ मे १७९२ या दिवशी रॉबर्ट ग्रे नावाचा अमेरिकन कप्तान आपले जहाज घेऊन नदीत शिरला आणि जहाजाचेच नाव त्याने नदीला देऊन टाकले. १८०५ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क यांची तुकडी आली आणि क्लॅट्सॉपांच्या मुलखात छावणी करून राहिली. साडेतीन महिन्यांत बारा दिवस सोडले तर रोज पाऊस. कोबोवे नावाच्या क्लॅट्सॉप मुखियाने त्यांच्याशी स्नेह ठेवला. जाताना त्यांनी छावणीची घरे त्यालाच दिली.

पण परतीला त्यांना होड्या कमी पडत होत्या. एक होडी लुईसने आपला सोनेरी गोट लावलेला कोट देऊन घेतली. दुसरीचे मोल देण्याऐवजी त्यांनी क्लॅट्सॉपांची एक होडी सरळ उचलून आणली. तुमच्या माणसांनी आमची शिकार नेली होती, त्याची ही भरपाई, असे त्यांनी मनाचे समाधान केले. वाटेत एकाने होडी ओळखली, तेव्हा त्याला एक कमावलेले कातडे देऊन प्रकरण मिटवले. चिनूक लोक ही गोष्ट विसरले नाहीत. दोनशे पाच वर्षांनी, २०११ साली, क्लार्कच्या वंशजांनी छत्तीस फुटांची एक नवी होडी घडवून घेतली आणि ती चिनूकांच्या स्वाधीन केली. पूर्वजाचे देणे वारसांनी फेडले. अशी गोष्ट इतिहासात क्वचित घडते.

ताप, तह आणि धरण

मोठे नुकसान होडीचे नव्हते. परक्या जहाजांबरोबर परके रोग आले. आधी देवी आली. मग १८३० च्या सुमारास थंडी वाजून येणारा ताप. तो आपला ओळखीचा हिवतापच असावा, असे अभ्यासक मानतात. अंगात प्रतिकार नाही, औषध नाही, आणि घाम काढून थंड नदीत उडी घ्यायची ही त्यांची जुनी रीत इथे घातक ठरली. दहा-बारा वर्षांत खालच्या नदीकाठच्या दहा माणसांतली जवळजवळ नऊ गेली. गावेच्या गावे ओस पडली. नऊशे वस्तीचे कॅथलापोटलही उठले. सगळ्या गोऱ्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेला एकाक्ष मुखिया कॉनकॉमली याच साथीच्या दिवसांत गेला.

उरलेल्यांनी १८५१ साली टॅन्सी पॉइंट या ठिकाणी सरकारशी तह केले. मोठा मुलूख द्यायचा, पण आपली राहती जागा, आपल्या पूर्वजांची हाडे जिथे आहेत ती भूमी सोडायची नाही, हा त्यांचा हट्ट. अधिकाऱ्याने कागद केले, खुणा घेतल्या. वॉशिंग्टनच्या सेनेट सभेने ते तह कधीच मंजूर केले नाहीत. पण जमीन मात्र गेली. १८५५ साली पुन्हा बोलावणे आले. या वेळी अट अशी की सगळ्यांनी घरदार सोडून उत्तरेला दुसऱ्या जमातींच्या मुलखात जाऊन राहायचे. त्यांनी नकार दिला. तह नाही म्हणून राखीव जमीन नाही, आणि जमीन नाही म्हणून नोंद नाही.

मग नदीवर कारखाने आले. १८६६ साली मासे डब्यात भरण्याचा पहिला कारखाना निघाला. १८८३ साली एका हंगामात डबाबंद माशाचे सहा लाखांहून अधिक खोके भरले गेले. पहिल्या माशाचा मान कोण राखणार? मासा घटत गेला. पुढे धरणे आली. १९३८ साली बॉनव्हिल धरण पुरे झाले, आणि १० मार्च १९५७ रोजी डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केल्यावर काही तासांतच सेलिलोचे धबधबे पाण्याखाली गेले. शेकडो पिढ्यांचे माच, वारशाच्या जागा, जत्रेचे मैदान, सगळे त्या दिवशी बुडाले. धबधब्याचा आवाज ऐकत वाढलेली माणसे काठावर उभी राहून पाहत होती. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाला त्यांच्या मनाची अवस्था सांगायला नको.

आम्ही अजून आहोत

भाषेचेही तसेच झाले. फ्रांझ बोआस हा विद्वान १८९० च्या सुमारास शोध घेत आला, तेव्हा मुखाजवळची जुनी बोली नीट जाणणारी दोन-तीनच माणसे उरली होती. बे सेंटर या गावी त्याला चार्ल्स कल्टी भेटला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बोलणे झाले ते चिनूक वावात. त्या बाजारबोलीच्या आधाराने कल्टीने जुन्या कथा सांगितल्या आणि बोआसने त्या टिपून ठेवल्या. वर सांगितलेली सॅमनची आणि कंदांची कथा त्यामुळेच आज आपल्यापर्यंत पोहोचली.

आज मुखाजवळच्या पाच गटांचे वारस ‘चिनूक इंडियन नेशन’ या नावाने एकत्र आहेत. संख्या सुमारे तीन हजार. अनेक वर्षे कागदपत्रे गोळा करून त्यांनी सरकारकडे अर्ज चालवला, आणि २००१ च्या जानेवारीत त्यांना जमात म्हणून मान्यता मिळाली. दीड वर्षात, २००२ च्या जुलैत, शेजारच्या दुसऱ्या जमातीने हरकत घेतल्यावर ती काढून घेण्यात आली. पुढची वीस वर्षेही त्यांनी न्यायालयांत आणि दरबारी खेटे घालण्यात काढली. मान्यता नाही म्हणजे जमातीच्या नावाने दवाखाना नाही, शिक्षणाची मदत नाही, आणि ज्या नदीने पिढ्यान्‌पिढ्या पोसले तिच्यात मासेमारीचा वेगळा हक्कही नाही.

तरी ही माणसे हात जोडून बसलेली नाहीत. कॅथलापोटलच्या जुन्या जागेजवळ २००५ साली सीडरच्या फळ्यांचे मोठे घर पुन्हा उभे राहिले. हिवाळ्यात तिथे माणसे जमतात, चुली पेटतात, गोष्टी होतात. चिनूक वावाचे वर्ग चालतात आणि लहान मुले ती बोली बोलू लागली आहेत. २०१९ साली टॅन्सी पॉइंटला, जिथे मंजूर न झालेले ते तह झाले होते, तिथली काही एकर जमीन जमातीने विकत घेतली. आपलीच जमीन आपणच पैसे मोजून घ्यायची, हे दुःख खरे. पण सातबारा पुन्हा आपल्या नावावर आला की मनाला काय वाटते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

आणि दर उन्हाळ्यात नदीच्या मुखाशी पहिल्या माशाचा सोहळा होतो. मासा सन्मानाने आणतात, विस्तवावर भाजतात, जमलेल्या सगळ्यांना घास देतात, आणि राहिलेली हाडे पुन्हा नदीच्या स्वाधीन करतात. पूर्वीसारखे लाखो मासे आता येत नाहीत. तरीही आलेल्याचा मान राखायचा आणि पुढच्याची वाट पाहायची, हा जुना नियम त्यांनी सोडलेला नाही.